साडूभाऊंचं कॉर्सेट

दुकानदार नावाच्या प्राण्याला देवाने जी सहनशक्ती दिली आहे, तिचा तळ नेमका कुठे लागतो हे शोधून काढणारा पहिला माणूस म्हणजे माझे साडूभाऊ. वसईपासून विरारपर्यंतच्या बाजारात असं एकही दुकान नसेल, जिथे त्यांनी तासभर उभं राहून, फळीवरचा सगळा माल खाली काढायला लावून, शेवटी "बरं, येतो जाऊन" असं म्हणत पायऱ्या उतरल्या नाहीत. स्टेशनबाहेरचे दोघेतिघे दुकानदार तर त्यांना लांबून येताना पाहिलं की गल्ल्यावर दुसऱ्या कुणाला तरी बसवून चहाला निघून जात. हे नातंही मोठं चमत्कारिक. आपण ते निवडत नाही, बायकोबरोबर ते आपसूक येतं. माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे आमच्या ताई, यांचे हे यजमान. मी वसईत राहायचो, ते विरारला फुलपाड्यात. एका इंजिनिअरिंग कंपनीत नकाशे काढण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती आणि निवृत्त झाल्यावरही कानामागची पेन्सिल काही निवृत्त झाली नव्हती. रविवारी सकाळी मी जरा पाय पसरून बसलो की दारात यांची मूर्ती हजर. "अहो धाकटे, स्कूटर काढा. जरा बघून येऊ." त्यांच्या तोंडी कायम 'बघून येऊ' असे. 'घेऊन येऊ' हा शब्द मी त्या माणसाच्या तोंडून कधी ऐकला नाही.

प्लास्टिकची खुर्ची घ्यायची तर ते दुकानातच तिच्यावर मांडी घालून बसत, मग एका कुल्ल्यावर भार देऊन बसत, मग पेपर उघडून पहिल्या पानापासून वाचायला लागत. "घरी काय दोन मिनिटं बसणार आहोत का हो आपण?" बादली घ्यायची तर दुकानदाराकडून ती पाण्याने भरून घेत आणि कडी धरून घंटेसारखी झुलवत. एकदा छत्री घ्यायची होती. ती शेजारच्या हॉटेलच्या नळाखाली धरून पाहण्याचा त्यांनी आग्रह धरला, आणि छत्री वाचली पण मी नखशिखांत भिजलो. गादी पाहायला गेलो त्या दिवशी ते "जरा पडून बघतो" म्हणाले आणि घोरायलाच लागले. दुपारची जेवायची वेळ, दुकानदाराला शटर ओढायचं होतं. रस्त्यावरून जाणाऱ्यांनी आत वाकून पाहिलं आणि कुणाला तरी झटका आला असं समजून गर्दी केली. साडूभाऊ उठले, डोळे चोळले आणि म्हणाले, "डाव्या बाजूला कापूस कमी आहे." गादी घेतली नाही. बाजारात वटारहून केळी घेऊन येणारी एक बाई होती. तिच्या फणीतलं एकेक केळं दाबत, वास घेत, उन्हात धरत यांचं चाललेलं पाहून ती एकदा वैतागून म्हणाली, "काका, केली घेता का केलीची सोयरीक जमवता?"

साडूभाऊ यावर रागावले नाहीत. उलट त्यांना ते पटलंच. "बरोबर बोलली ती. वस्तू घरात येते ती काय पाहुणी म्हणून येते? सून म्हणून येते. पारखून घ्यायला नको?" हे तत्त्वज्ञान ऐकलं की ताई कपाळावर हात मारत. ताई बुटक्या, अंगाने भरलेल्या, चालण्याबोलण्यात झपाझप. एक काम हातात असताना पुढची दोन डोळ्यांनी करून टाकणाऱ्या. अशा बाईच्या वाट्याला असा नवरा यावा! त्यांच्या घरात टीव्ही आला तो मुलीचं शाळेतलं शिक्षण संपल्यावर, आणि फ्रीज आला तो तिचं लग्न होऊन ती नाशिकला गेल्यावर. ताई म्हणत, "मला बघायला आले तेव्हा पोहे खाता खाताच हो म्हणून बसले. तेव्हा कुठे गेली होती ही पारख, देव जाणे."

हे सगळं गमतीचं होतं, पाण्याचं प्रकरण घडेपर्यंत. नव्वदीचं दशक अर्धं उलटलं होतं. फुलपाड्यात तेव्हा इमारती भराभर उठल्या होत्या, पण पाणी काही त्यांच्या बरोबरीने वर चढलं नव्हतं. टँकर यायचा, खालच्या टाकीत पाणी पडायचं आणि तिथून ज्याने त्याने आपापलं वर न्यायचं. बहुतेक बिऱ्हाडांनी छोटे पंप बसवून घेतले होते. साडूभाऊंचा पंप अर्थातच 'बघणं' चालू होतं. कुठल्या पंपाचा आवाज फार, कुठल्याची तार हलकी, कुठल्याचा रंगच मनातून उतरलेला. सकाळी साडूभाऊ शेजाऱ्यांचे पंप कान लावून ऐकत हिंडायचे आणि ताई कळशा घेऊन तिसऱ्या मजल्यापर्यंत खेपा घालायच्या. ते स्वतःही बादल्या आणायचे, नाही असं नाही, पण प्रत्येक मजल्यावर थांबून जिन्याची उंची कशी चुकली आहे हे बघायचे. तोवर ताईंच्या दोन खेपा झालेल्या असत. अशाच एका सकाळी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ताईंची पाठ धरली. कळशी गडगडत खाली गेली आणि ताई पायरीवर बसल्या त्या उठेनात. चौघांनी खुर्चीत बसवून त्यांना वर नेलं.

साडूभाऊ त्याच दिवशी बाजारात गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा, पहिल्याच दुकानातून, पहिलाच दाखवलेला पंप उचलून घरी आले. आम्ही सगळे थक्क झालो. तो पंप आठवड्याच्या आत धूर काढून जळाला. ताईंनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. म्हणजे घरात बोलायच्या, पण भिंतीशी नाहीतर आमच्यामार्फत. "त्यांना सांगा, चहा गार झालाय." साडूभाऊ दीड हातावर बसलेले असत. ते मला म्हणत, "त्यांना सांगा, पितो म्हणून."

मी आणि साडूभाऊ ताईंना वसईच्या हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी फोटो काढले, पाय उचलून पाहिले आणि सांगितलं की मणक्यात गादी सरकली आहे, सध्या ऑपरेशन टाळता येईल, पण सक्तीची विश्रांती हवी आणि उठता-बसता कमरेला कॉर्सेट हवं. त्याने फरक पडला नाही तर मग पुढचा विचार करू. कॉर्सेट म्हणजे पोट आणि पाठ आवळून धरणारा, आत पट्ट्या घातलेला पट्टा, हेही त्यांनी समजावून सांगितलं. इथवर सगळं ठीक होतं. पण आम्ही उठता उठता ते म्हणाले, "आणि हलकंसलकं घेऊ नका हं. जरा चांगलं बघून घ्या."

मी त्या डॉक्टरांकडे अत्यंत केविलवाण्या नजरेने पाहिलं. आपण काय बोलून बसलो याची त्या भल्या माणसाला कल्पना नव्हती.

दुसऱ्याच दिवशी आमची वारी सुरू झाली. औषधाच्या दुकानांत पट्टे होते, लहान, मध्यम आणि मोठा, बदामी रंगाचे, पुठ्ठ्याच्या खोक्यात. साडूभाऊंनी खोकं उघडायला लावलं, आणि तो पट्टा स्वतःच्या शर्टावरून बांधून दुकानासमोरच्या रस्त्यावर उठाबशा काढायला सुरुवात केली. लोक थांबले. एकाने मला हळूच विचारलं, "कसली जाहिरात आहे?" मग ते आत आले, पट्टा सोडला, आतली पट्टी बोटांनी वाकवली आणि म्हणाले, "ही पट्टी आहे की डब्याचा पत्रा?" चिकटपट्टी तर त्यांनी कर्रकन ओढून, लावून, पुन्हा ओढून असा काही सूर धरला की मागे खोकल्याचं औषध घ्यायला उभ्या असलेल्या आजी म्हणाल्या, "अरे बाबा, माझं डोकं दुखतंय, आधी मला दे." दुकानदार हात जोडून म्हणाला, "काका, दुखणं तुमचं आहे का काकूंचं?" साडूभाऊ गंभीरपणे म्हणाले, "तिचं. म्हणून तर बघतोय. माझं असतं तर घेतलं असतं."

मग मापांचा प्रश्न आला. ताई लहानात बसेनात, मध्यम त्यांना उंचीला जास्त आणि मोठा म्हणजे काखेपासून मांडीपर्यंत. साडूभाऊंनी घरी जाऊन ताईंना कुशीवर झोपवलं, पाठीमागे वर्तमानपत्र उभं धरलं आणि कानामागची पेन्सिल काढून पाठीचा बाक हुबेहूब उतरवून घेतला. ताई भिंतीला म्हणाल्या, "मेलेल्या माणसाभोवती पोलीस खडूने रेघ मारतात ना, तशी मारली माझ्याभोवती." ते वर्तमानपत्र गुंडाळी करून खिशात घेऊन आम्ही हिंडू लागलो. एका दुकानदाराने, बहुधा आम्हाला घालवून देण्यासाठीच, सांगितलं, "कॉर्सेट ना? ते लेडीज दुकानात मिळेल."

मी जीव तोडून सांगितलं की ते वेगळं, हे वेगळं. पण साडूभाऊ एकदा निघाले की निघाले. बायकांच्या आतल्या कपड्यांचं ते दुकान. पुढ्यात कापडी पडदा, आत काउंटरवर दोन तरुण मुली. मी शेजारच्या भांड्यांच्या दुकानासमोर उभा राहून कुकरच्या शिट्ट्यांचा अभ्यास करू लागलो. आतून आवाज येत होते. "कोणासाठी पाहिजे काका?" "बायकोसाठी." "साइज?" यावर वर्तमानपत्र उलगडल्याचा आवाज आला. त्यानंतर मुलींच्या हसण्याची जी उकळी फुटली ती मला कुकरच्या दुकानातही ऐकू आली. पण खरा कहर पुढेच होता. आतल्या उजेडात शिवण नीट दिसत नाही म्हणून साडूभाऊ हातात एक काळं, जाळीदार, नको तिथे फुलं काढलेलं वस्त्र घेऊन पडद्याबाहेर आले, ते दोन्ही हातांनी उन्हात ताणून धरलं आणि भर रस्त्यात मला हाक मारली, "अहो धाकटे, इकडे या! याची शिवण चांगली आहे, पण दम नाही!" नेमक्या त्याच वेळी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीबाई भाजीची पिशवी घेऊन समोरून येत होत्या. पुढे वर्षभर जिन्यात भेटल्या की त्या माझ्याकडे पाहून उगाचच पदर सारखा करायच्या.

इकडे ताई पडूनच होत्या. बायकोने वैतागून एक दिवस औषधाच्या दुकानातून मोठा पट्टा स्वतःच आणला आणि गुपचूप बहिणीला नेऊन दिला. ताईंनी तो आठ-दहा दिवस पातळाच्या आतून वापरला. बसलं की वरची कड बरगडीत घुसायची, उठलं की पट्टा वर चढायचा, घामाने खालची कातडी लाल झाली. शेवटी त्यांनी तो काढून पलंगाखाली ढकलून दिला. रविवारी सकाळी मी आणि बायको फुलपाड्याला पोचलो तर साडूभाऊ गॅलरीत बसलेले, मांडीवर तोच पट्टा, आणि हातात ब्लेड. त्यांना तो सापडला होता. आणि नवरा म्हणून त्यावर भांडायचं सोडून, त्यांनी त्याची शिवण उसवून आतल्या सगळ्या पट्ट्या एका ओळीत मांडून ठेवल्या होत्या. कापड एकीकडे, रबर एकीकडे. आतल्या खोलीत ताई भिंतीकडे तोंड करून रडत होत्या. म्हणाल्या, "होता तेवढाही राहिला नाही."

माझा तोल सुटला. इतक्या वर्षांत मी त्यांना एका शब्दाने बोललो नव्हतो. थोरले साडू, मान ठेवायचा. त्या दिवशी मी ओरडलो, "तुम्हाला ताई बऱ्या व्हायला नकोच आहेत! तुम्हाला फक्त चांगली वस्तू हवी आहे! बाजारात हिंडा, उठाबशा काढा, आणि ती बिचारी इथे कुजत पडू दे!" शेजारच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी बाई हातातला टॉवेल घेऊन तशीच उभी राहिली. साडूभाऊंनी ब्लेड कागदात गुंडाळून बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "पंप आधी बघत बसलो, तर तिची पाठ गेली. मग न बघता आणला, तर जळाला. आता सांगा, मी करू काय? पंप जळला तर दुसरा आणता येतो हो. पाठ कुठून आणू?"

बायको आत जाऊन ताईंजवळ बसली. मी गॅलरीत त्यांच्याजवळ टेकलो. त्यांनी एक पट्टी उचलून माझ्या हातात दिली. "टोक बघा. कापल्यावर घासलेलंच नाही. हे टोचणार नाही तर काय." मी बोट फिरवून पाहिलं. खरंच टोचत होतं. पण त्या क्षणी हे कबूल करायची माझी इच्छा नव्हती.

मार्ग निघाला तो माझ्या ऑफिसात. वसईजवळच्या पापडी गावचा एक ख्रिस्ती सहकारी होता, त्याला मी डबा खाताना ही रडकथा ऐकवली. तो म्हणाला, "अरे, आमच्या आळीत नवरीचे गाऊन शिवणाऱ्या आंटी आहेत. गाऊनच्या आत कॉर्सेटच तर असतं. पट्ट्या घालून शिवतात त्या. विचारून बघ." मी साडूभाऊंना स्कूटरवर घातलं आणि पापडी गाठली. केळीच्या वाडीतून आत गेलेली वाट, कौलारू घर, ओटीवर शिलाई मशीन आणि दोरीवर टांगलेले चार-पाच पांढरेशुभ्र गाऊन. आंटी साठीच्या, धिप्पाड, गळ्यात टेप आणि तोंडात टाचण्या. टाचण्या न काढताच त्या बोलत. लग्नाचे दिवस होते, ईस्टरआधीच्या उपासात लग्नं लागत नाहीत म्हणून ते दिवस सुरू व्हायच्या आत सगळ्या नवऱ्या उजवायच्या होत्या, त्यामुळे आंटींना मान वर करायला फुरसत नव्हती.

मी आमची अडचण सांगेपर्यंत साडूभाऊ उठून एका गाऊनचं अस्तर उलटं करून बघू लागले होते. आंटींनी बसल्या जागेवरून टेपचा फटकारा त्यांच्या हातावर मारला. "ए मिस्टर! नवरीचा ड्रेस हाय तो. हात धुतला का?" साडूभाऊ हात मागे घेऊन शाळेतल्या मुलासारखे उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा मला त्या माणसासमोर उभं राहू शकणारा दुकानदार दिसला होता, आणि मला इतका आनंद झाला की मी आंटींच्या पाया पडायचाच बाकी होतो. साडूभाऊंनी अदबीने खिशातून वर्तमानपत्राची गुंडाळी काढून पुढे केली. आंटींनी ती चष्म्यावरून पाहिली. "हे काय?"

"पाठ आहे. आमच्या घरातल्यांची."

"पेपर परत न्या. पाठ घेऊन या. मी कागदावर शिवत नाय."

पाठ घेऊन जाणं सोपं नव्हतं. शेजाऱ्याची व्हॅन मागून घेतली, मागच्या सीटवर ताईंना आडवं केलं आणि खड्डा आला की साडूभाऊ "हळू, हळू" म्हणून ड्रायव्हरचा खांदा दाबत, त्यामुळे तो अधिकच बिचकून नेमका खड्ड्यात घाली. आंटींनी ताईंना आतल्या खोलीत नेलं. साडूभाऊ मागोमाग निघाले तसा पडदा त्यांच्या तोंडावर ओढला. "नवरा भाईर." ते ओटीवरून सूचना देत राहिले, "दुखतं ते डावीकडे, आंटी! जरा खाली!" आणि आतून आंटींचा आवाज येई, "ती सांगते मला. तिला तोंड हाय."

पहिली ट्रायल फसली. आंटींचा हात नवरीच्या गाऊनला सरावलेला, त्यांनी सवयीने कंबर अशी काही आवळली की ताईंना श्वास घेणं कठीण झालं. बायको आत होती, तिने पुढचं सांगितलं. ताईंनी आरशात पाहिलं, एकदा समोरून आणि एकदा बाजूने, आणि म्हणाल्या, "अगं बाई, मला कंबर आहे!" आणि त्या हसू लागल्या. हसताना पाठीत कळ येत होती, तरी हसत होत्या. आंटीही टाचण्या हातात काढून घेऊन हसल्या. ओटीवर साडूभाऊ ताठ उभे राहिले. महिनाभरात त्यांनी तो आवाज ऐकला नव्हता. "काय झालं? काय झालं?" ते पडद्याला विचारत राहिले, आणि त्यांना कुणीच काही सांगितलं नाही.

मग ते उसवलं, सैल केलं, डॉक्टरांना नेऊन दाखवलं. त्यांनी कंबरेखाली आणखी आधार हवा म्हणून सांगितलं, पुन्हा उसवलं. जाड सुती कापड, दुहेरी अस्तर. आतल्या पट्ट्या त्या फाडलेल्या पट्ट्यातल्याच. साडूभाऊ गॅलरीत बसून त्यांची टोकं कानशीने घासत आणि प्रत्येक टोक स्वतःच्या गालावर फिरवून पाहत. कुठे जरा खरखर वाटली की पुन्हा कानस. शेवटचा वाद बंदाचा झाला. ताईंना पुढे हुक हवे होते, आपले आपल्याला लावता येतील असे. साडूभाऊ म्हणाले, "मागे दोरी. हुक एका जागी ओढतात, दोरी सगळीकडे सारखी बसते. आणि पोट काय रोज सारखं असतं का?" ताई त्यांच्याशी बोलत नव्हत्या, म्हणून आंटींना म्हणाल्या, "त्यांना विचारा, मागची दोरी रोज बांधणार कोण?" आंटींनी मान वळवून विचारलं. साडूभाऊ म्हणाले, "त्यांना सांगा, मी."

आणि त्यांनी ती रोज बांधली. फुलपाड्याच्या त्या इमारतीतल्या कुणालाही विचारा. सकाळी टँकरच्या भोंग्यानंतर दुसरा आवाज यायचा तो ताईंचा. कारण दोरी बांधायची म्हणजे साडूभाऊंनी बांधायची. खालच्या भोकापासून सुरुवात, एकेक वळसा ओढायचा आणि विचारायचं, "कसं वाटतंय?" ताई म्हणायच्या, "बरं." "बरं म्हणजे सैल बरं की घट्ट बरं?" "बरं म्हणजे बरं!" "डाव्या बाजूला जरा ओढ वाटते का?" "अहो, मला कुकर लावायचाय! दोरी बांधताय की गोपूर?" यात घड्याळ केव्हाच पुढे सरकलेलं असायचं. ताईंचा अबोला कुठल्या वळशात संपला ते त्यांच्याही लक्षात आलं नसेल, कारण एवढं चिडायचं तर भिंतीशी बोलून भागत नाही. एकदा मी सकाळीच गेलो होतो. ताई पाठमोऱ्या उभ्या, दोन्ही हात कपाटावर टेकलेले, आणि साडूभाऊ मागे स्टुलावर बसून दोरी ओढताहेत, चष्मा नाकावर, पेन्सिल कानामागे. "अहो धाकटे, तुम्हीच बघा, मध्यभागी आली का?" मी म्हटलं, आली. त्यांनी विश्वास न ठेवता पुन्हा सोडली. ताईंनी कपाटावर कपाळ टेकवलं.

ऑपरेशन टळलं. उन्हाळ्यापर्यंत ताई जिना उतरू लागल्या. मधल्या काळात पंपही आला, रीतसर बघून घेतलेला, आणि सांगायला हरकत नाही की तो पुढे कितीतरी वर्षं कुरकुर न करता चालला. पण पुढच्या दिवाळीतही ताईंच्या पाठीवर कॉर्सेट होतंच. बायकोने विचारलं तर म्हणाल्या, "डॉक्टर म्हणालेत, थंडी सरेपर्यंत असू दे." पुढे कधीतरी ते डॉक्टर मला औषधाच्या दुकानात भेटले. मी सहज विषय काढला, तर ते म्हणाले, "अजून घालतात? मी तर केव्हाच सोडायला सांगितलं. व्यायाम करायला सांगा." मी घरी येऊन ही बातमी मोठ्या उत्साहाने बायकोला सांगितली. ती भाजी चिरत होती. वर न पाहता म्हणाली, "तुम्ही यात पडू नका."

मरणाच्या बाबतीत मात्र साडूभाऊंनी काहीच घोळ घातला नाही. हे नवं शतक सुरू होऊन काही वर्षं झाली होती. एका सकाळी छातीत दुखतंय म्हणाले आणि रिक्षा दारात येईपर्यंत संपलं. ना दहा डॉक्टर पाहिले, ना दहा हॉस्पिटलं. स्मशानात त्या बाजारातले दोन दुकानदार आले होते. त्यातला एक, तो औषधवाला, मला म्हणाला, "काका खूप त्रास द्यायचे हो," आणि रुमाल काढून तोंड फिरवलं.

पुढे ताई काही महिने आमच्याकडे वसईला राहायला आल्या. पावसाळी हवेत त्यांची पाठ पुन्हा कुरकुरायला लागली. बायकोने त्यांच्या बॅगेतून ते कॉर्सेट काढलं. धुऊन धुऊन कापड मऊ झालं होतं, शिवण मात्र जशीच्या तशी. "ये, मी बांधते," ती म्हणाली. ताईंनी ते हातात घेतलं, दोरीची दोन्ही टोकं सारखी केली आणि घडी घालून मांडीवर ठेवलं.

"नको गं," त्या म्हणाल्या. "तू भराभर बांधशील."

दुसऱ्या दिवशी मी औषधाच्या दुकानात गेलो आणि उभ्या उभ्या एक पट्टा घेऊन आलो, चिकटपट्टीचा. ताईंनी तो आपला आपण लावला, आरशात न पाहता. मी विचारलं, कसा आहे.

"बरा आहे," म्हणाल्या.